चालचलणुकीचे दोन साक्षीदार

‘चारित्र्य’ हा शब्द कुठे छापलेला दिसला की मला आजही तपकिरीचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग तापून तापून काळ्या पडलेल्या तेलाचा. नवरा म्हणतो, तुझं आपलं काहीतरीच. असेल. पण ज्या उन्हाळ्यात माझ्या चारित्र्याची तपासणी झाली तो उन्हाळा त्याने पाहिलेला नाही. चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या त्या पोर्शनमध्ये रेशमी साडी नेसून तो कधी घामाने निथळत बसलेला नाही, आणि ‘ही मुलगी चांगली आहे’ एवढं एक वाक्य लिहून देण्यासाठी एक पोक्त, प्रतिष्ठित माणूस भज्यांवर भजी कशी रिचवतो हेही त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. चष्म्याचा नंबर वाढत चाललाय, माणसंही एकेक करून कमी होतायत, तेव्हा आता लिहून टाकते.

मी जन्माने मलेशियाची. आमच्या तंजावरी मराठी लोकांपैकी काही घरं फार पूर्वी तिकडच्या रबराच्या मळ्यांवर कारकुनी करायला गेली होती. त्यांतल्याच एका घरात आईला दिलं होतं. वडील तापाने गेले तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. आई मला काखोटीला मारून मैलापूरला थोरल्या भावाकडे परत आली ती कायमची. तिने तिथलं नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ती भारतीयच राहिली. मी मात्र नाही. मी जन्मले तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परदेशात झालेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व मिळायचं ते बापाकडून. बाप मलेशियाचा, संपलं. आई भारतीय आहे, तिने पोटात वाढवलंय, दूध पाजलंय, याची सरकारदरबारी काडीची किंमत नव्हती. पुढे म्हणे कायदा सुधारला, पण तो माझ्यानंतर जन्मणाऱ्यांसाठी. एका ताटात जेवणाऱ्या, एका चटईवर झोपणाऱ्या आम्ही दोघी, त्यांतली एक देशाची आणि दुसरी परदेशी. शाळेत असताना हे मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मला वाटलं, मामा थट्टा करतोय.

मामाचं बिऱ्हाड देवळामागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या मागच्या पोर्शनमध्ये. पुढे एक तमिळ कुटुंब, वर व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई, आणि मागे आम्ही चौघं: मामा, मामी, आई, मी. मामा-मामींना मूल नव्हतं. पहाटे देवळातलं नादस्वरम, मग वरच्या मुलींचं तेच ते सा-रे-ग-म, मग आमचा ग्राइंडर घरघरायला लागायचा, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पाण्याच्या लॉरीचा भोंगा. त्या वर्षांत चेन्नईत पाण्याचे असे काही हाल होते की भोंगा वाजला की हातातली आरती तशीच टाकून बायका प्लास्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावायच्या. स्वयंपाक आईचा आणि टीका मामीची, अशी घरातली वाटणी होती. आई भाजलेल्या उडदाचं पीठ ताज्या दह्यात कालवून, वर मोहरी-मिरचीची फोडणी देऊन डांगर पच्चडी करायची. त्या वासावर मी आजही कुठूनही उठून घरी जाईन. मामी पहिला घास घेऊन म्हणायची, “मीठ संपलंय का घरातलं?” माझ्याशी तर ती सरळ वाक्यात कधी बोललीच नाही. “महाराणींची झोप झाली का?” “परदेशी पाहुण्यांना रसम चालेल ना आज?” असलं काहीतरी. मला तिचा मनस्वी राग यायचा.

आमच्या घरातलं मराठी म्हणजे अर्धी क्रियापदं कुठल्या जमान्यातली देव जाणे, आणि अर्धे शब्द तमिळ. गेली कितीतरी वर्षं पुण्यात राहून माझी जीभ सरळ झालीय, म्हणून इथे सगळ्यांची बोलणी मी जरा धुऊन-पुसून लिहिते. नाहीतर तुम्ही मजकूर सोडून भाषेलाच हसत बसाल. माझ्या सासरचे बसतात.

मामा वाईट माणूस नव्हता, असं सगळे म्हणतात. मला ते वाक्यच आवडत नाही. ज्याला दुसऱ्याला आधार दिल्याचा आयुष्यभर पुरेल एवढा अभिमान असतो, त्याला वाईट व्हायची गरजच पडत नाही. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात तो नोकरीला होता. माझा राहण्याचा परवाना दरवर्षी वाढवून आणावा लागे, त्यासाठी मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकायचा आणि ती अर्धी रजा पुढे वर्षभर आम्हाला ऐकवायचा. आई मान खाली घालून त्याच्या पानात आणखी एक अप्पळम, म्हणजे पापड, वाढायची. मला ते बघवायचं नाही.

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत आलं आणि हे दरवर्षीचं रडगाणं एकदम गळ्याशी आलं. माझा परवाना शिक्षणापुरता होता. तो संपायच्या आत नागरिकत्वाचा अर्ज दाखल होऊन त्याची पोच हातात पडली, तर निकाल लागेपर्यंत मला राहता येणार होतं. नाही पडली तर ज्या देशाचा पासपोर्ट त्या देशात चालतं व्हायचं. तिथे माझं कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं, आणि आईला तिथे राहता येणार नव्हतं. शहराच्या कडेला शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड झाली होती. कागद झाले की ये, म्हणाले होते. आईला घेऊन वेगळं राहायचं, तिने फक्त आपल्या दोघींसाठी भात टाकायचा, एवढंच माझं स्वप्न होतं, आणि ते त्या एका पोचेवर लटकलेलं होतं.

कचेरीतला कारकून टाचणीने दात कोरत होता. मामाने अर्ज पुढे केला. कारकुनाने तो वाचला, दाढेतलं जे काय होतं ते निघालं का बघितलं, आणि त्याच टाचणीने माझा फोटो अर्जाला टोचला. माझ्याच कपाळाला टोचल्यासारखं मला झालं. मग तो मामाला तमिळमध्ये म्हणाला, “आई भारतीय आहे ना हिची? मग अठरा व्हायच्या आत का नाही आणलंत? अज्ञान मुलाचा साधा अर्ज होता. केव्हाच काम झालं असतं.”

मी मामाकडे बघायला लागले. मामा जराही चपापला नाही. “मुलगी आहे सार,” तो म्हणाला. “लग्न झालं की नवरा जिथला, तिथली होईल. उगाच कशाला, म्हटलं.”

आणि त्या कारकुनाने अगदी समंजसपणे मान हलवली. दोघांना एकमेकांचं पटलं. मी मधे उभी, माझ्या फोटोत टाचणी. इतकी वर्षं झाली, पण त्या मान हलवण्याची शिसारी काही गेली नाही. कायदा म्हणतो बाप कोण, मामा म्हणतो नवरा कोण, आणि मी तिथे प्रत्यक्ष हाडामांसाची उभी आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

अर्जाला इतर कागदांबरोबर दोन प्रतिज्ञापत्रं लागणार होती. दोन भारतीय नागरिकांनी नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यायचं की ही आमच्या माहितीतली आहे आणि हिची चालचलणूक चांगली आहे. “रक्ताचे नातेवाईक नकोत,” कारकुनाने बजावलं, म्हणजे आई आणि मामा दोघंही बाद. मला वाटलं, त्यात काय, मैलापूर भारतीयांनी भरलेलं आहे.

अहो, सही म्हटल्यावर माणसाला जी शिंगं फुटतात ती मी त्या महिन्यात पाहिली. आमचे डॉक्टर म्हणाले, “मी तुझी नाडी ओळखतो, चारित्र्य कसं ओळखणार?” आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसले. मामाच्या कचेरीतले एक स्नेही होते, त्यांच्या मुलीच्या लग्नात आईने रात्रंदिवस राबून लाडू वळले होते, ते म्हणाले, “बायको नको म्हणते, पोलिसांचं झंझट.” पुढच्या पोर्शनमधल्या गृहस्थांनी मामाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, मागच्या महिन्यात हिला स्कूटरवरून सोडायला आलेला तो कोण? ती माझी मैत्रीण होती. हेल्मेट घातलेली. मी ते आतून ओरडून सांगितलं, तर ते मामाला म्हणाले, “बघा, आवाज बघा मुलीचा.” जी माणसं रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना “साप्टाच्चा?”, जेवण झालं का, म्हणून विचारायची, ती आता चप्पल बदलायचा बहाणा करून खाली बघत जायला लागली.

शेवटी मामा आबाजीरावांकडे गेला. आबाजीराव आमच्या लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बारशापासून श्राद्धापर्यंत पहिल्या खुर्चीत बसणारे. त्यांचा शब्द आमच्यात चालायचा. त्यांनी निरोप धाडला: शपथेवर लिहायचं तर मुलीला आधी बघायला हवं, रविवारी येतो.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे आता गंमत म्हणते. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आमच्या लोकांना कुणी ‘मुलीला बघायला येतो’ म्हटलं की त्याचा एकच अर्थ माहीत. घरात दुसऱ्या कुठल्या कारणाने मुलीला बघायला माणूस येऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. शनिवारपासून मामीने घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, तेही पाण्याच्या त्या दुष्काळात. केसरीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या शिऱ्यासाठी, रवा भाजला गेला, भज्यांसाठी वांगी आणि कच्ची केळी आली. माझ्यापुढे मामीने स्वतःची मोरपंखी रेशमी साडी टाकली आणि मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा.

“मामी, ते सही करायला येतायत,” मी म्हटलं. “बघायला नाही.”

“बघितल्याशिवाय सही कोण करतो? नेस गुपचूप.”

“मी काय लग्नाला उभी आहे?”

“उभी राहायचं, बसायचं, ते सांगतील तसं करायचं. परदेशी पाहुण्यांना एवढं जमेल ना?”

आईकडे बघितलं तर ती वांग्याच्या चकत्या करत होती. डोळे वर न करता म्हणाली, “एका दिवसाचा प्रश्न आहे, पद्मा. नेस.” मग मी नेसले.

आबाजीराव एकटे आले नाहीत. बरोबर बायको आणि भाचा. भाचा गाडी चालवायला आलाय, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. पण गाडी चालवायला आलेला माणूस अत्तर लावून येत नाही. मुरली त्याचं नाव. चाळिशीला टेकलेला, केस काळे कुळकुळीत रंगवलेले, पहिली बायको माहेरी गेली ती परत न आलेली. हे सगळं आमच्या लोकांत सगळ्यांना माहीत होतं.

टीपॉयवर मामाने प्रतिज्ञापत्राचा टाइप केलेला स्टॅम्पपेपर आणि पेन मांडून ठेवलं होतं. आबाजीरावांनी खिशातून डबी काढून तपकीर ओढली, पिवळट डाग पडलेल्या रुमालाने नाक पुसलं आणि त्याच बोटांनी कागद उचलला. वाचला, खाली ठेवला, त्यावर कॉफीचा डबरा-पेला ठेवला. मग भज्याला हात घातला.

“चाल बघू पोरी. त्या दारापर्यंत.”

मी चालले.

“नागरिकत्वासाठी चालावं लागतं का?” मी विचारलं. मामा खाकरला.

“तोंड आहे,” आबाजीराव मामाला म्हणाले, आणि हसले. “मला शपथ घ्यायचीय बाई. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. सिनेमाला जातेस? कुणाबरोबर? कॉलेजात मुलं आहेत का? कॉम्प्युटरवर परक्या माणसांना लिहितात म्हणे हल्ली, तू लिहितेस?” एकेका प्रश्नामागे एकेक भजं. त्यांच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं आणि लाडाने केल्यासारखं करून माझी वेणी ओढून बघितली, खरी आहे का म्हणून. मग म्हणाली, “एखादं पद म्हण की.” मी म्हटलं, येत नाही. “वर व्हायोलिनचा क्लास असून?” ती नवलाने म्हणाली, आणि मामीकडे पाहिलं, जणू मामीनेच मला मुद्दाम बेसुरी ठेवलं होतं.

मुरली चटणीत भजं बुडवत होता, बोटं चाटत होता आणि माझ्याकडे बघत होता. लाजबीज काही नाही. मंडईत पडवळ घेताना बघतात तसं.

पोट भरत आलं तसे आबाजीराव मुद्द्यावर आले. कागद पुन्हा हातात घेतला. त्यांच्या बोटांचं तेल त्यावर उमटलं, नेमकं माझ्या नावावर, आणि तेवढा भाग पारदर्शक झाला. “रामचंद्रा,” ते मामाला म्हणाले, “सही मी आत्ता करतो. मंडळातल्या दुसऱ्या कुणाचीही आणून देतो. पण सही म्हणजे जबाबदारी. परक्या पोरीची जबाबदारी मी का घेऊ? आपली असली तर गोष्ट वेगळी. आमच्या मुरलीला तू ओळखतोस. नवरा इथला म्हटल्यावर पुढे हिला सगळंच सोपं. कचेऱ्यांचे उंबरे कशाला झिजवायचे?” आणि भाच्याकडे वळून, “काय रे, तुला काय वाटतं?”

मुरलीने बोट तोंडातून काढलं. “रंग जरा कमी आहे,” म्हणाला. “चालेल.”

मामाचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला. इतक्या वर्षांचं ओझं, दरवर्षीची अर्धी रजा, कचेरी, कारकून, सगळं एका रविवारच्या संध्याकाळी उतरत होतं. “आमचं भाग्य आहे आबाजीराव,” तो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. आईलाही नाही. आबाजीरावांनी डाव्या हाताने पेन उचललं आणि उजवा हात बशीकडे नेला.

तेवढ्यात आई आतून आली. सगळ्यांना वाटलं, गरम घाणा आणला असेल. मामीने तर तिला वाढायला जागा करून दिली. पण आईचे हात मोकळे होते. तिने आबाजीरावांच्या हाताखालची बशी उचलली. मग मुरलीची. मग त्यांच्या बायकोची, तिने अर्धं भजं नुकतंच खाली ठेवलं होतं.

“पुरे झालं,” आई म्हणाली आणि बश्या घेऊन आत गेली.

आमच्यात खाणाऱ्या माणसापुढचं कुणी उचलत नाही. वैऱ्याच्या पुढचंही नाही. मामा-मामींची कितीही भांडणं झाली तरी मामाचं पान पूर्ण झाल्याखेरीज मामीने ते कधी काढलं नाही. आबाजीरावांचा हात तसाच हवेत राहिला, तेलकट, काही न सापडलेला. आतून बश्या खरवडल्याचा आवाज आला. त्यांनी सावकाश पेन मिटलं, आणि ते मामाचं होतं तरी स्वतःच्या खिशाला लावलं. उठताना स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, “काशी, तुझी मुलगी विमानाने जाईल. तू बस इथे भजी तळत.”

ते गेल्यावर मामा काय काय बोलला ते लिहीत नाही. तू तुझ्या हाताने पोरीला देशाबाहेर घालवलंस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मैलापुरात आता कोण सही देतो तेच बघतो, असंही म्हणाला, आणि त्याने खरंच ज्याला त्याला जाऊन सांगितलं की त्या भानगडीत पडू नका. आई कढई घासत होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. मला वाटलं होतं ती रडत असेल. नव्हती. राखेने कढईचं बूड घासत ती म्हणाली, “तो खात होता आणि तुझ्याकडे बघत होता, दोन्ही एकदम. मला नाही सहन झालं ते.” मग थोड्या वेळाने, “आता काय करायचं गं?” मी तिच्या खरकट्या हातांसकट तिला मिठी मारली.

पहिली सही मिळाली ती कॉलेजात. आमच्या फिलोमिना मॅडमना मी सगळं रडून सांगितलं. त्यांनी कागद वाचला, “एवढंच?” म्हणाल्या आणि दोन तासांच्या मधल्या वेळात माझ्याबरोबर नोटरीकडे येऊन सही करून परत शिकवायला गेल्या. ना मला चालायला लावलं, ना बसायला. मला आनंद व्हायला हवा होता. पण रिक्षात मला ओकारी आली. इतकं सोपं होतं हे! एका बाईच्या मधल्या सुट्टीचं काम, आणि त्यासाठी ती सगळी केसरी, तो गजरा, ते पडवळासारखं निरखणं.

दुसरी सही काही केल्या मिळेना. परवान्याची मुदत सरत आली. आईने माझी बॅग खाली काढून, पुसून, भिंतीशी ठेवली. मामा तिच्याशी बोलत नव्हता, तिने वाढलेलं मात्र मुकाट्याने जेवत होता.

अशातच एका सकाळी लॉरीचा भोंगा वाजला. मी दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहिले, पुढे मामी. ती मागे वळून न बघता म्हणाली, “तो कागद कुठाय तुझा?”

“कुठला?”

“चालचलणुकीचा. दुसरा. मी भारताची नागरिक आहे की नाही? मतदानाला जाते ना मी?”

मला कळेचना. “मामी, तू?”

“तुझं-माझं रक्ताचं नातं आहे का? नाही ना? तुझ्या मामाचं आहे. मग झालं तर. ते कचेरीत गेले की निघू. आणि ती घागर सरळ धर, सांडतेयस.”

सगळं मैलापूर पालथं घातलं होतं आम्ही. ही बाई रोज माझ्या पानासमोर बसून मीठ कमी आहे म्हणत होती, आणि हीही एक नागरिक आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

नोटरीचं टेबल देवळाच्या तळ्यापलीकडे एका जिन्याखाली होतं. मामीने पदर खोचला आणि कोर्टात उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिली. नोटरीने चष्म्यावरून विचारलं, “हिला किती दिवस ओळखता?”

“काखेत आली तेव्हापासून.”

“चालचलणूक कशी आहे?”

“उद्धट आहे,” मामी म्हणाली. “उलट उत्तरं देते. उठवल्याशिवाय उठत नाही. दुधाचं भांडं कधी विसळून ठेवत नाही.”

नोटरीने पेन खाली ठेवलं. “म्हणजे चांगली नाही?”

“चांगली नाही असं कोण म्हणालं?” मामी त्याच्यावरच डाफरली. “घरातली आहे, म्हणून सांगते. चांगलीच आहे. लिहा.” आणि तिने तमिळमध्ये, एकेक अक्षर लावत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. जीभ दातांत धरून.

अर्ज दाखल झाला. कारकुनाने या खेपेला टाचणी कानात घातली होती. मी तिकडे बघितलंच नाही, पोच घेतली आणि आले. पुढे पोलीस चौकशीला आला तेव्हा मामीने त्यालाही केसरी केली आणि मला साडी नेसायला सांगितली. मी मळक्या सलवार-कमीजमध्येच पुढे गेले. पुढे काही वर्षांनी दिल्लीहून कागद आला, मलेशियाचा पासपोर्ट परत केला, शपथ घेतली. शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याने अभिनंदन केलं. मी आभार मानले नाहीत. जे आईकडून जन्मतःच मिळायला हवं होतं ते इतका घाम गाळून मिळवल्यावर आभार कसले मानायचे? आई आणि मी शोळिंगनल्लूरजवळ दोन खोल्या घेऊन राहिलो, आणि तिथे तिने कितीतरी दिवस केळ्याची भजी केली नाहीत.

पण त्या दिवशी नोटरीकडून परत येताना, तळ्याकाठच्या भाजीच्या गाड्यापाशी मामी थांबली. मी तिला विचारलं, “मामाला कळलं तर?” ती म्हणाली, “कळू दे.” मग विचारलं, “मामी, का केलंस?”

ती कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होती. मला वाटलं, आता एखादं तिरकस येणार.

“मला बघायला आले होते तेव्हा तुझा मामा होता, त्याचे वडील होते, आणखी कोण कोण होते,” ती म्हणाली. “चालायला लावलं. वाकायला लावलं. दात दाखव म्हणाले. तुझ्या मामाने आणखी चटणी मागितली.”

तिने जुडी नाकाशी नेली, परत ठेवली, दुसरी उचलली.

“माझी आई दारात उभी राहून सगळं बघत होती. वाढतच राहिली ती.”